टोपलीखालचं पीठ

अहो,

भागीताईचे बाळंतपणाचे दिवस भरलेत, आईचा निरोप आला म्हणून कशेळ्याला चालले. रुसून नाय. भाकऱ्या शिंक्यावर हायत. रॉकेल रेशनचं हाय, कंदील बारीक ठेवा.

पिल्लाला निजायच्या आधी अंगणात न्या. तिथं मुतलं की भाकरीचा तुकडा द्या. घरात मुतलं तर मारू नका, गपचूप उचलून बाहेर ठेवा. मामंजींच्या घोंगड्यावरच ते निजतं. पोत्यात घालून नदीपल्याड सोडीन म्हणालात, तेवढं करू नका.

एक गोष्ट तुमाला सांगितली नव्हती. मामंजी गेले त्या जागी आपण पीठ पसरून वर टोपली झाकली होती, पुढचा जन्म कुठला ते कळावं म्हणून. सकाळी तुमी ड्युटीवर गेल्यावर मी टोपली उचलली. पिठावर कुत्र्याचे इवलेसे पंजे होते. अन् पिल्लू तर आपल्या दारात आलं दोन दिवसांनी.

ते रोज रडतं ती वेळ बघा. शेवटच्या रात्री त्याच वेळेला मामंजी तुमाला हाका मारत होते. तुमचा अबोला होता, तुमी कूस बदललीत.

आज हाक आली तर उठा.

सुंदरा