काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे

खारूताई,

काल तू गाडी धुतलीस आणि उन्हात तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसले. "पोरीने नव्या गाडीची वाट लावली," म्हणून बाबा तुला रागावला आणि तू न जेवता उठलीस.

ते ओरखडे माझे आहेत. रोज तू शाळेत गेलीस की मी कोरड्या फडक्याने गाडी गोल गोल पुसायचो. फडक्याखालची धूळ काचपेपरासारखी घासते, हे मला परवा गॅरेजवाल्याने सांगितलं. तू धुतलीस म्हणून ते उघडे पडले, एवढंच. काल मी मूग गिळून बसलो, ते चुकलं.

आता बाबाच्या ऑफिसात जाऊन त्याला हे सांगतो. येताना पॉलिश आणि मऊ फडकी आणतो. गाडीवर सावली आली की आधी धुऊ, मग मागच्या चाकावरच्या वीतभर जागेवर पॉलिश करून बघू. जमलं तरच पुढे. माझा हात जोरात चालला तर मला टोक.

ताट झाकून ठेवलंय, आधी जेव. माझं जुनं फडकं जिन्याखाली आहे. ते तुझ्या हाताने केरात टाक.

आजोबा