संस्थान म्हटलं की टोपीला हात

पार्ले, शुक्रवार, १८ नोव्हेंबर १९५५

गावाहून बाबा आलेत. शेजारच्या काकूंनी गाव विचारलं, तर म्हणाले, "आमच्या संस्थानात..." आणि टोपी सारखी केली. राजेसाहेबांसमोरची जुनी सवय. मी चिडलेच.

"बाबा, राजाच उरला नाही, मग संस्थान कसलं? जिल्हा म्हणा ना!"

"जिल्ह्यात मी कधी जन्मलो गं?" पुन्हा टोपीला हात.

खरंच, मग मी कुठली? संस्थान म्हणजे नक्की काय, जमीन, की राजा, की नुसती सवय?

संध्याकाळी नळावर नव्या बिऱ्हाडकरणीने माहेर विचारलं. "आमच्या संस्थानात..." मी बोलून गेले, आणि ओला हात पदर सारखा करायला डोक्याकडे गेला. पार्ल्यात आल्यापासून मी डोक्यावरून पदर घेतच नाही.