दोन्ही गाल सारखे

रविवार, संध्याकाळ. नाशिक रोड.

सकाळी सायखेड्याला नवरीच्या आईचा, शोभाकाकूंचा मेकअप केला. चेहरा गोल, म्हणून ब्लश गालाच्या वरच्या बाजूला लावायचा. म्हटलं, "काकू, हसा." डावा गाल वर आलाच नाही.

"रातभर जागी हाय गं, उरक लवकर," काकू म्हणाल्या.

मी डावीकडचा ब्लश वर ओढला, लिपस्टिकने ओठांची रेघ सरळ केली. दोन्ही गाल सारखे दिसले आणि मी खूश! तेव्हाच कळायला नको होतं?

दुपारी काकू मांडवात कोसळल्या. लकवा. आत्ता दवाखान्यातून नवरीचा फोन आला. "ताई, डॉक्टर विचारतायत, तोंड वाकडं कधीपासून? इंजेक्शन द्यायचं की नाही, ते त्यावरच ठरणार म्हणे. मी तुमच्या मेकअपचा फोटो दाखवला. सकाळी आई नीट होती ना?"

मी "हो" म्हटलं.