पश्चिमेची भिंत

आबा,

आज त्या बंगल्यात जाऊन आले. लोणावळ्याच्या त्याच, ज्याच्या पश्चिमेच्या भिंतीनंतर तुम्ही थापी हातात धरली नाही. मालकीणबाईंचा परवा फोन आला होता, भिंत पुन्हा करायची आहे, कॅटलॉग घेऊन या. घरी आले, चहा टाकला आणि बघते तर दोन कप पाणी. किती वर्षं एकटी राहते, तरी हात अधूनमधून असा चुकतो. दुसरा कप गार होऊन समोरच आहे. त्या भिंतीबद्दल तुम्हाला एक सांगायचं राहून गेलंय.

आधी माझ्या धंद्याचं सांगते, म्हणजे तुम्हाला हसू येईल. लोक येतात आणि फोनवर फोटो दाखवतात. कुणाला वाळूच्या लाटांसारखी भिंत हवी, कुणाला फोडलेल्या दगडासारखी. फोटो कुठल्यातरी कोरड्या गावातला आणि घर आपल्या मावळात, जिथे श्रावणात काडेपेटीतली काडी पेटत नाही. मी विचारते, घर वर्षातून किती दिवस उघडं असतं? त्यांना वाटतं ही बाई चौकश्या करते. पण बंद घरात खोल खाचांचं टेक्श्चर केलं, की पावसाळा संपेपर्यंत प्रत्येक खाचेत बुरशी बसते आणि ती ब्रशनेही निघत नाही. पावसाच्या तोंडाच्या भिंतीला बारीक दाण्याचं, जवळजवळ सपाट काम घ्या, चुन्याचं घ्या, भिंतीला आतली ओल बाहेर टाकू द्या, असं मी सांगते आणि लोक मान डोलावतात. यातला एक शब्द माझा नाही, सगळे तुमचे. माझं फक्त व्हिजिटिंग कार्ड.

तुम्ही भिंतीचं काम वैशाखात उरकायचा. पवनानगरच्या आपल्या विहाराला दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी चुना लागायचा, तोही तुमच्याच हातचा, आणि मी बादली धरून उभी. लोकांना मात्र घर दिवाळीला रंगवायचं असतं. तुम्ही म्हणायचा, "दिवाळी काय भितीला इचारून येती व्हय? चार म्हैनं पानी प्यालेली भित हाय ती. वाळूंदे की." आणि मग तो तुमचा कागद. खताच्या पिशवीतलं प्लास्टिक हातभर कापायचं, भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचं आणि दुसऱ्या दिवशी काढायचं. आतून दव धरलं असेल तर भिंत अजून ओली, थापी खाली ठेवायची, मालक कितीही ओरडला तरी. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तुम्ही मला उचलून तो कागद काढायला लावलात आणि म्हणालात, "तोंडानं समदी खोटं बोलत्यात. ह्यो बोलत न्हाई."

तो बंगला माझं पहिलं स्वतंत्र काम. गिलावा तुमचा होता, मेमध्येच झालेला. वरचं टेक्श्चर माझं, आणि मालकांकडे दिवाळीला पाहुणे येणार होते. तुम्ही तेव्हा तिकोणा पेठेत कुणाच्या तरी घराचं काम धरलं होतं. भिंत सुरेख झाली, आबा. दगडाचा भास, कडेने पितळी रंगाची झाक. पाहुण्यांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढले. मी घरी पेढे घेऊन आले, तुम्ही एक खाल्लात आणि पहिला प्रश्न विचारलात, "कागद लावलाता का?" मी म्हणाले, "व्हय. कोरडा निघाला."

पुढच्या पावसाळ्यात फुगे आले, मग पोपडे. मालकांनी आपल्या दोघांना बोलावलं. तुम्ही भिंतीवर हाताची मागची बाजू टेकवली, बोटाने वाजवून बघितलं. मालक मला बोलत होते, मुलीच्या जातीला ही कामं जमत नाहीत वगैरे. तुम्ही वळलात आणि म्हणालात, "सायेब, पोरीची चूक न्हाई. तिनं कागद लावून बगितलाता. गिलावा माजा. माजाच हात चुकला." मला वाटलं होतं, मला पाठीशी घालताय. एसटीत बसल्यावर कळलं की तुम्हाला ते खरंच वाटतंय. तुम्ही तळहात उलटसुलट करून बघत होता. कामशेत येईपर्यंत बघत होता.

त्यानंतर तुम्ही कुणाचं काम घेतलं नाही. लोक घरी यायचे, "आबा, तुमीच या." तुम्ही म्हणायचा, "न्हाई बाबा, हात गेला माजा." विहाराला त्या वर्षी दुसऱ्यांनी चुना लावला आणि तुम्ही बाहेर बाकावर बसून होतात. मी दोनदा सांगायला आले. एकदा तुम्ही जेवत होता. एकदा मीच ताक घुसळायला बसले आणि दुसरंच काहीतरी बोलले. मला वाटलं, सांगू पुढे. तुम्ही एवढ्यात जाल असं कुठे वाटलं होतं?

आज बाई म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी बिघडवली होती ना ही?" मालक आता नाहीत, मुलं परदेशात, बाईही एकट्याच. मी म्हणाले, "नाही. मी बिघडवली होती. त्यांचा गिलावा चांगला होता, आतून बघा, अजून खणखणीत आहे." मी बोटाने वाजवून दाखवलं. इतकी वर्षं न बोललेलं वाक्य शेवटी बोलले, मला वाटलं काहीतरी होईल. बाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, किती जुनं ते. क्रीम बरं दिसेल की पांढरं?" मी पांढरं म्हणाले. चुन्याचं, वैशाखात करू. त्या हो म्हणाल्या. ज्याला हे ऐकायला हवं होतं असा एकही माणूस आता उरलेला नाही. हे पत्रही टेक्श्चरच्या नमुन्यांच्या खोक्यात जाईल.

बाईंना मी चूक झाली असं सांगितलं. तुम्हाला तसं सांगता येणार नाही, कारण ती चूक नव्हती. कागद मी लावला होता, आबा. दिवाळीला आठ दिवस होते. सकाळी काढला तर आतून थेंब ओघळत होते. मी ते ओढणीने पुसले, कागदाची घडी करून पिशवीत टाकली आणि बादलीत माल कालवायला घेतला.