राखाडी मोजा

२ जुलै

ठरलं! उद्यापासून अंगणातल्या पोहायच्या तलावाचा जुना गिलावा फोडायला घेणार. मोक्वेना गिलावेवाल्याने फोनवर पुन्हा एकदा समजावून पाहिलं — "म्मा-ओराटिले, जुलै म्हणजे ऐन हिवाळा, या थंडीत गिलावा लवकर धरत नाही. ऑगस्ट उलटू द्या." मी म्हटलं, ऑगस्ट उलटेपर्यंत तिथं माती पडलेली असेल, मग काय मातीवर गिलावा करणार का?

खोटं नाही ते. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ओट्सिलेचं, माझ्या नवऱ्याचं, वर्ष. माझे सुतकाचे काळे कपडे उतरणार, घरच्यांची बैठक बसणार आणि त्याच बैठकीत तलावाचा निकाल लागणार. मोठे दीर — मोदिसे — इस्टरलाच सगळ्यांदेखत म्हणाले होते, "खपल्या निघालेला खड्डा आहे तो. माती भरा, पालक लावा! आणि विधवा बाई लोकांच्या पोरांसमोर पोहायचे कपडे घालून उभी राहणार? शोभतं का?" मी म्हटलं, बैठकीपर्यंत तलाव नवा करून दाखवते. "एक तडा, एक डाग दिसला तर माती," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलावू देत. अर्ध्या क्लर्क्सडोर्पच्या पोरांना मी पाण्यावर तरंगायला शिकवलंय, एवढ्याशा अटीत मी बुडते होय!

सप्टेंबरात पोरं परत आली पाहिजेत. वर्षभर हा तलाव बघत नुसती बसून आहे मी. आता बास.

४ जुलै

सकाळपासून छिन्नी-हातोडा. दात शिवशिवतात. जुना गिलावा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतोय.

सासूबाई ओट्यावर उन्हात घोंगडी पांघरून बसल्या होत्या. "घर पाडतात का गं?"

"तलाव, म्मे."

"आणि त्यातलं पाणी?"

"सोडून दिलं."

"सगळं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी गाय विकून आले. गान्येसाकडच्या खेड्यातल्या त्या. आयुष्यभर पाणी डोक्यावर वाहिलेलं.

८ जुलै

काही नाही. थंडी. मोक्वेनाची माणसं आज आलीच नाहीत — म्हणे गाडी सुरू होईना! मी मोक्वेनाला म्हटलं, माझी सासू तुझ्या गाडीपेक्षा म्हातारी आहे, ती उठून बसली.

१० जुलै

आज झाला! अखंड एका दिवसात करावा लागतो, मध्ये सोडला तर जोड दिसतो. ऊन अंगणात उतरल्याबरोबर सुरुवात केली. पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी, बादल्या वरून खाली, आणि थाप्यांचा तो सर्र-सर्र आवाज. माणसांनी तळलेल्या गोल माग्विन्या उभ्या-उभ्याच खाल्ल्या, तेलकट बोटं पँटला पुसली आणि परत थापी हातात. मी काठावरून सूचना देत होते. मोक्वेना शेवटी म्हणाला, "बाई, काळ्या कपड्यातल्या बाईने जरा शांत बसायचं असतं म्हणतात." मी म्हटलं, शांतच आहे, नाहीतर मी आत उतरले असते.

संध्याकाळी सगळं पांढरंशुभ्र. इतकं सुंदर! खरंच रडू आलं. ओट्सिले असता तर चप्पल घालून आत उतरला असता आणि मोक्वेनाच्या शिव्या खाल्ल्या असत्या.

मग पाणी. लगेच सोडावं लागतं. काठावरच्या भागाला गोठणारं दव बाधू नये म्हणून प्लॅस्टिक आणि जुन्या चादरी सोडल्या, आणि नळी तळाशी ठेवली. "नळीच्या तोंडाला जाड लोकरी मोजा बांधा," मोक्वेना म्हणाला. "नाहीतर धार ओल्या गिलाव्यात खळगा पाडेल." माझे मोजे पातळ, काळे, जाळीदार झालेले. जाड मोजे घरात एकाच माणसाचे होते.

मागच्या खोलीत त्याच्या कपड्यांचं गाठोडं आहे. बैठकीनंतर धुऊन, वाटून होईपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. लावला. गाठ सोडली, एक राखाडी मोजा काढला, गाठ होती तशी मारली. एका मोज्याने काय आभाळ कोसळतंय! त्याचाच तलाव. तो म्हणाला असता, दोन्ही घे.

तेवढ्यात मोदिसे आले, महिकेंगहून, आईला भेटायला म्हणे. हात पाठीमागे बांधून काठावर उभे, शाळा तपासनिसासारखे.

"किती वेळ चालणार हे?"

"रात्रभर. उद्याही दिवसभर. मध्ये थांबलं तर थांबल्या जागी रेघ उमटते. कायमची."

"अस्सं," ते म्हणाले. रात्री मुक्कामाला राहिले.

११ जुलै

नळ बंद.

मी उठले तेव्हा अंगणातलं गवत दवाने पांढरं कडक झालेलं, आणि कानाला पाण्याचा आवाजच येईना. धावत गेले. पाणी निम्म्यावर, स्तब्ध. नळ घट्ट फिरवलेला. नळी वेटोळं करून भिंतीशी ठेवलेली. आणि निर्लज्जपणा बघा — मोजा पिळून दोरीवर वाळत घातलेला! थंडीने लाकडासारखा ताठ झालाय.

मोदिसेची गाडी उजाडायच्या आत गेलेली. त्याला मी स्वतः सांगितलं होतं, रेघ उमटते म्हणून! स्वतःच्या तोंडाने! इथून पुढे या वहीत त्याला अहो-जाहो नाही.

नळ सोडला आणि फोन लावला. काळे कपडे घातलेल्या बाईने आवाज चढवायचा नसतो, मोठ्या दिरावर तर नाहीच नाही. चढवला. शेजारच्या कुत्र्यांनी भुंकायचं थांबवलं, इतका चढवला. "मेलेल्या भावाच्या घरात चोरासारखे फिरता? पालक पाहिजे तर स्वतःच्या अंगणात लावा!"

"मी नळाला हात लावला नाही," तो म्हणाला. शांतपणे. खोटारडा.

सासूबाई दिवसभर खोलीबाहेर आल्या नाहीत. थंडी म्हणाल्या. घाटा नेऊन दिला, तसाच राहिला. लेकाची करणी त्यांच्या कानावर गेली असणार, माझा आवाज काय, कोणाच्या कानावर गेला नाही?

१२ जुलै

मोक्वेनाने पाण्याच्या वर उरलेला सगळा गिलावा थापीच्या मुठीने ठोकून पाहिला. टक-टक-टक. पोकळ आवाज आला की सुटलं. माझा जीव त्या थापीच्या टोकावर. कुठेच पोकळ नाही! भरीव, पक्कं मडकं वाजवून घेताना येतो तसा आवाज. दव आत शिरलं नाही. तडा नाही.

"गिलावा शंभर नंबरी," तो म्हणाला. मग नळ थांबला होता तिथे, पाण्याखाली, बोट दाखवलं. "पण ही राहणार."

माझ्या कमरेच्या उंचीवर, सगळीकडून फिरलेली, पिवळट.

१९ जुलै

तलाव भरला, पाणी निवळलं, रेघ तिथंच. मीही इथंच.

मोजा वाळला होता. गाठोड्यात परत ठेवला.

२६ जुलै

बैठकीत काय बोलायचं ते पाठ करतेय. रेघेला डाग म्हणता येत नाही. रेघ ही रेघ. पोरांना सांगता येईल, पाणी इथवर आलं की हात सोडायचा. काठावर उभं राहून मोठ्याने बोलून पाहिलं. पटण्यासारखं आहे! नाही पटलं तर मातीच्या गाडीसमोर आडवी पडेन. मोदिसेने मला पोहताना पाहिलंय, आडवी पडलेली पाहिली नाही.

२ ऑगस्ट

पहाटे काळे कपडे उतरले. अंगावर पाणी पडलं तेव्हा हसूच आलं, वर्षभरात पहिल्यांदा इतकं थंड पाणी! सगळे हसले.

मग बैठक. सगळे तलावाशी जाऊन पाहून आले. एक चुलत सासरे म्हणाले, "हा डागच की." मी तोंड उघडणार, तोच मोदिसे उठला.

"नळ मी बंद केला," तो म्हणाला. "त्या रात्री. तेव्हा हा डाग माझ्या नावावर. तलावाचा यात दोष नाही, म्मा-ओराटिलेचाही नाही. तलाव राहू द्या."

मान खाली घातलेली. सगळ्यांसमोर, घरातल्या थोरल्याने! पुन्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. तलाव राहिला!!

शेवटी कबूल केलंच. मी त्याला माफ वगैरे केलेलं नाही. पण जिंकले. मांसाचा मोठा तुकडा त्याच्याच ताटात वाढला, जिंकलेल्या माणसाला परवडतं.

३ ऑगस्ट

कपडे धुऊन वाटले. मोदिसेंना कोट. सासूबाईंना विचारलं, म्मे, तुम्हाला काय? त्यांनी फक्त राखाडी मोजे मागितले. तिथेच पायात घातले.

मग मला जवळ बसवून म्हणाल्या, "नळ मी बंद केला. मोदिसेला त्याच दिवशी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, तू बोलू नकोस, मी बघतो."

"पण का, म्मे?"

"पाण्याचा आवाज येत होता म्हणून बाहेर गेले. बघते तर ओट्सिलेचा मोजा त्या गार पाण्यात. त्याचे पाय लहानपणापासून लगेच गार पडायचे गं."

मोदिसे दारात उभे होते. कोटाची बटणं लावत राहिले.