हात न उगारण्याचे चाळीस दिवस

३ ऑक्टोबर, सकाळी
बुरुल माहेरी जाऊन अकरा दिवस झाले. कारण क्षुल्लक. मेजवानीत तिचा भाऊ मेदेर मला तापट म्हणाला. मी तापट नाही हे पटवून देताना त्याला जरासा धक्का लागला. तो चहाच्या सामोवारवर पडला. दोन दात गेले. दात मुळातच हलत असणार.

बुरुलची अट आली आहे. चाळीस दिवस कुणावर हात उगारायचा नाही, मग परत येईन. सोपं आहे. मी मुळात शांत माणूस. नारीन गावच्या बाजारात खाटीक म्हणून एकवीस वर्षं उभा आहे, एकाही गिऱ्हाइकाचा जीव गेलेला नाही.

शिवाय एक बेत आहे. लग्नाआधी बुरुलला नाटकाचं भयंकर वेड होतं. कॉलेजात नाव घालणार होती. लग्नानंतर वेड उतरलं, माझ्यामुळे. आता मीच राजधानीतल्या एका कॉलेजचा ऑनलाइन कोर्स घेतला आहे. 'नाट्यकलेची ओळख', चार आठवडे, मोबाइलवर. नवरा नट झालेला बघून धावत येईल.

दिवस पहिला.

६ ऑक्टोबर
पहिला क्लास. मोबाइल चहाच्या किटलीला टेकवला. चौदा चौकोन, चौदा चेहरे, सगळे पोरसवदा. शिकवणाऱ्या पेरिझातबाई म्हणाल्या, खांदे सैल सोडा. मग मला वेगळं म्हणाल्या, एसेनकुल, तुमचे खांदे कुणाला तरी मारायला निघाल्यासारखे का दिसतात? तिसऱ्या चौकोनातला एक टोपीवाला हसला.

स्टुलाला लाथ घातली. स्टूल मोडलं. स्टूल म्हणजे माणूस नव्हे. दिवस चौथा, शाबूत.

१० ऑक्टोबर, दुपारी
या आठवड्याचा धडा : समोरचा जे बोलेल ते आधी मान्य करायचं, मग त्यात आपली भर घालायची. दुकानात सराव केला. गिऱ्हाईक म्हणालं, मांस शिळं आहे. मी म्हणालो, हो, आहे, आणि तुम्ही गाढव आहात. बाईंच्या नियमात तंतोतंत बसतं.

त्याने कॉलर धरली. मी मेंढीची तंगडी उचलली. त्याच्या कानाला बरंच लागलं म्हणतात. पण हात उगारला नाही, तंगडी उगारली. अट हाताची आहे. बुरुलला फोनवर तसं कळवलंही.

१८ ऑक्टोबर
घरचा अभ्यास : रंगमंचावरचा मृत्यू दाखवा. पुढचं वाक्य नेट गेल्यामुळे ऐकू आलं नाही.

काळा मेंढा कापला, कॅमेऱ्यासमोर. हा मेंढा सासरी माफी मागायला न्यायचा होता. आमच्यात चूक कबूल करायची तर रिकाम्या हाताने जात नाहीत. पण कलेसाठी त्याग करावा लागतो. सुरी स्वच्छ चालली. रक्त किटलीपर्यंत उडालं. चौदा चौकोनांपैकी सहा काळे झाले, एका मुलीच्या चौकोनात फक्त छताचा पंखा दिसत होता.

बाई म्हणाल्या, नाटकात खरोखर कुणी मरत नसतं हो. मी विचारलं, मग लोक बघायला कशाला येतात? बाईंनी क्लास तिथेच संपवला. त्यांना पटलं असावं.

दुसरा मेंढा घेऊ.

२९ ऑक्टोबर, संध्याकाळी
आज मी नट झालो.

अभ्यास होता शोकाचा. बाईंनी सांगितलं, आपलं खरं दुःख आठवा आणि आवाजात आणा. आता शोक कसा करतात ते आम्हाला राजधानीने शिकवायची गरज नाही. मयताच्या घरी पुरुषमाणूस काठीवर वाकून, बाहेरूनच टाहो फोडतो. तसाच फाटकाशी उभा राहिलो. बुरुल गं! माझं छप्पर उडालं गं! माझी चूल विझली गं! पहिली दोन वाक्यं अभिनय होती. तिसऱ्याला खरोखर रडू फुटलं. चूल खरंच विझली होती. थांबताच येईना.

दहा मिनिटांत गल्ली भरली. शेजारचे काल्मुरात आजोबा माझ्या शेजारी काठीवर वाकले आणि माझ्यापेक्षा मोठ्याने रडू लागले. बायका घरात शिरून छाती बडवू लागल्या. कुणी तरी लोकरीच्या नमद्याचा तंबू आणला, अंगणात उभासुद्धा केला. मयताचा तंबू. मी खुलासा करणार होतो, पण बाईंनी बजावलं आहे, प्रवेश अर्धवट सोडू नये. प्रवेश संपवून बघतो तर दोन गाड्या सासरच्या गावाला निघून गेलेल्या.

३० ऑक्टोबर
आठ पुरुष सासऱ्यांच्या फाटकाशी काठ्यांवर वाकून रडले. बुरुलच बाहेर आली आणि विचारू लागली, कोण गेलं हो? काल्मुरात आजोबा तिला बघून चिखलात बसले. सासूबाई आडव्या झाल्या. जिवंत बाईच्या नावाने रडणं म्हणजे तिच्या मरणाला आवतण देणं, असं तिकडे सगळे म्हणत आहेत. इकडेही म्हणत आहेत.

मेदेरचा फोन. म्हणाला, दाजी, तंबू काढू नका, कामाला येईल.

३१ ऑक्टोबर
उजव्या हाताने लिहवत नाही. डाव्याने लिहितो.

मी अंगणात अभ्यास रेकॉर्ड करत होतो. विषय, अंगाला न लागू देता मारामारी. मेदेर आला. मी सांगितलं, बोटभर अंतर ठेवायचं असतं. त्याने ठेवलं नाही. नाकाचा आवाज मला आतून ऐकू आला. मग मीही ठेवलं नाही. त्याला तंबूच्या खांबावर आपटला, त्याने तोच खांब उपटून माझ्या बरगडीत घातला. तंबू आमच्या दोघांवर कोसळला. आत अंधारात मी त्याचा कान चावला. निदान त्याचाच असावा.

एकदम गार पाणी अंगावर. बुरुल. बादली घेऊन उभी. ती मागून आलीये हे मला माहीतच नव्हतं.

ओरडली नाही. म्हणाली, मी मेले म्हणून गल्ली गोळा केलीस. नऊ वर्षं जिवंत होते, तेव्हा एकदा तरी विचारलंस, कशी आहेस?

बादली खाली ठेवून गेली.

तिचा आवाज पोटातून आला होता, बाई सांगतात तसा.

मोबाइल चालूच होता. तेच रेकॉर्डिंग अंतिम परीक्षेला पाठवलं. हात उगारला असं मी मानत नाही, तो अभ्यास होता. दिवस एकोणतिसावा.

७ नोव्हेंबर
निकाल. नापास. बाईंचा शेरा असा : ठोसे खोटे वाटतात. नाकातलं रक्त भडक. पण शेवटी बादली घेऊन येणारी ती कोण? तिला शिकायचं असेल तर पुढच्या तुकडीत फी न घेता जागा देते. नंबर पाठवा.

पाठवला. खूश होऊन परत येईल.

११ नोव्हेंबर
दिवस चाळिसावा. सणासुदीची उंच नमद्याची टोपी डोक्यावर घातली, नवा मेंढा घेतला, सासरी गेलो. सासूबाई म्हणाल्या, बुरुल क्लासमध्ये आहे, इथेच बसा. अंगणात मेंढ्यासोबत बसलो. मेदेर येऊन शेजारी बसला, कानाला पट्टी.

खिडकीतून माझा आवाज आला. मी मुळात शांत माणूस. दात मुळातच हलत असणार. अट हाताची आहे, तंगडीची नाही.

बुरुलचा अभ्यास चालू होता. जवळच्या एखाद्या माणसाची भूमिका करा. खांद्यांसकट केली असणार, कारण मोबाइलमधून हसण्याचा लोट आला. पेरिझातबाईंचं हसू सगळ्यात मोठं. मग बुरुल स्वतःच्या आवाजात हसली. नऊ वर्षांत हे हसू मी ऐकलं नव्हतं.

मेदेर म्हणाला, दाजी, हुबेहूब. मी वळून म्हणालो, मी असा नाही.

मेदेरने तोंड चुकवलं होतं. मेंढाही दोरी ताणून मागे सरला होता. का ते मला कळेना. मग दिसलं, माझा हात वर होता.

खाली घेतला. फार लाज वाटली. मेंढा तिथेच बांधला आणि बुरुलचा क्लास संपायच्या आत निघालो.

उद्या दिवस पहिला.