फ्यूशिया हलवायचं नाही

१९ जानेवारी १९६३, शनिवार
पहिली आली कोण, तर शेजारची आउट्रमबाई! क्लिफर्डची मोटार अजून चढावर धापा टाकतेय, तोवर ही दारात. "काय गं, मुलगा न्यायला येतोय वाटतं तुला?" हिला वास कुठून लागतो, देव जाणे.
मागोमाग क्लिफर्ड आणि सूनबाई, एनिड. चहा ठेवायला जागा नाही! उघड्यावर थंडी न सोसणारी माझी सगळी झाडं स्वयंपाकघरात — जिरेनियमं वर्तमानपत्रात गुंडाळलेली, डेलियाचे कंद कोरड्या वाळूत, मधोमध माणसाएवढं फ्यूशियाचं झुडूप. उन्हाळाभर लाल-जांभळ्या फुलांचे डूल घालून मिरवतं. आता नुसत्या काड्या.
क्लिफर्ड बसायच्या आधीच — "आई, सामान बांध. शेफील्डला नळ उघडला की गरम पाणी."
म्हटलं, फ्यूशिया वाटेत गारठून मरेल. ते जिवंत आहे तोवर मी हलत नाही.
"आणि मेलेलं असलं तर?"
"तर येते." बोलून बसले!

२० जानेवारी
रात्री एवढं बर्फ पडलं की दार उघडेना. मोटार दिसतच नाही. अडकले दोघं!

२३ जानेवारी
शेगडी फक्त स्वयंपाकघरात, म्हणून तिघं तिथेच. कुंड्यांमधून आडवं चालायचं. क्लिफर्ड जिरेनियमावर बसला — "तुरुंगात पाय तरी पसरता येतात!" मी हसून बेजार. लग्न झाल्यापासून पोरगा इतका कधी राहिलाय? रोज ओटच्या पिठाचे ओटकेक भाजते, त्याला आवडतात ना.
तो झोपला की मात्र मला झोप येत नाही. शेफील्डचं त्यांचं बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर! विचारलं एनिडला, खिडकीत कुंडी मावेल का गं? ती भांडं पुसतच राहिली. मग हळूच, "खिडकीसमोर भिंत आहे, आई. मला अजून सवय झाली नाही."

२५ जानेवारी
कोळसा संपत आला. क्लिफर्ड भडकला. "मेलेल्या काड्यांना शेकत बसलीय! बघ तरी एकदा."
बघायचं म्हणजे नखाने साल खरवडायची. आत हिरवं असलं तर जीव आहे, तपकिरी असलं तर गेलं. माझा हात उठेना. एनिडच वाकली, आमच्याकडे पाठ करून. किती वेळ लावला बाईने!
"हिरवं आहे," म्हणाली. "मे संपेपर्यंत हलवायचं नाही. हो ना, आई?"
क्लिफर्ड मुकाट्याने कोळसा घालायला लागला. मी तर नाचायचीच बाकी!

२७ जानेवारी
रस्ता मोकळा झाला, गेले दोघं. घर कसं मोठं वाटतंय.
एनिडने खरवडलेली जागा शोधली. तपकिरी. खाली खरवडत गेले, पार मातीपर्यंत — तपकिरीच.
निघताना तीच म्हणाली होती, झाड बाहेर काढाल त्या दिवशी येतो. कॅलेंडरवर खूण करून ठेवली: २ जून, रविवार.